मधली जाळी

कापसाचे भाव पडले त्या वर्षी एक शेतकरी लोहाऱ्याच्या एका औषध-प्रयोगशाळेत माकडांचे पिंजरे धुवायला लागला. मी तिथे कारकून होतो. माकडांच्या खोलीत शिरण्याआधी तो दारावर टकटक करायचा. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "त्याइचं घर हाय, भाऊ."

एका माकडिणीने स्वतःचे केस उपटून हात उघडा केला होता. तो रोज साहेबांना सांगायचा, "एकटी हाय म्हणून करून राह्यली. तिले सोबत द्या."

"भांडतील, मरतील," साहेब म्हणायचे. शेवटी कंटाळून त्यांनी परवानगी दिली.

त्याने दुसऱ्या माकडिणीचा पिंजरा शेजारी जोडला, मधे जाळी ठेवली आणि आठ दिवस, सुटीलाही, जवळ बसून राहिला. नवव्या दिवशी साहेबांसमोर जाळी ओढली. दोघी बराच वेळ नुसत्या बघत होत्या. मग शेजारीण पुढे आली आणि पहिलीच्या पाठीवरच्या उवा शोधू लागली. पहिली डोळे मिटून आडवी झाली.

साहेब हळूच म्हणाले, "बक्षीस काय देऊ तुला?"

"बाकीच्याइचे पिंजरे बी जोडून जाळ्या काढू द्या."

पोळ्यापर्यंत त्या खोलीत एकही माकड एकटं राहिलं नव्हतं.