दौलतभाऊंची झील

“आजी, मी इशारा केला की त्या म्हाताऱ्याचा माइक बंद करजा.”

शोकसभेचा आयोजक प्रशांत माझ्या मिक्सरवर वाकून सांगत होता. मिक्सर म्हणजे आवाजाची चूल. प्रत्येक माइकला एक सरकती पट्टी असते, तिला फेडर म्हणतात. वर नेला की आवाज चढतो, खाली ओढला की माणूस मुका. रेडिओतून रिटायर झाल्यापासून मुलाच्या साउंड सर्व्हिसमध्ये ही चूल मीच सांभाळते.

“काहून?” मी विचारलं.

“मुंबईहून पाहुणे आले, आजी. नथ्थूजीले दोन शब्द बोलाले सांगितलं. पण भरवसा नाही, गाऊन बसतील.”

“गवयाची शोकसभा आहे. गाणार नाहीत तर काय पाढे म्हणतील?”

“दोन मिनिटं मौन ठेवलं ना!” म्हणत तो पाहुण्यांच्या सोफ्याकडे पळाला.

सभा होती दौलतभाऊंची. उमरेडचे विणकर, आणि उभी हयात खडी गंमतीतले झीलकरी. खडी गंमत हा आमच्याकडचा उभ्याउभ्या रंगणारा खेळ. शाहीर ओळ टाकतो आणि मागे उभा झीलकरी ओळीचा शेवटचा शब्द उचलून उंच नेतो. ती झील. नथ्थूजी शाहीर होते, दौलतभाऊ त्यांची झील.

सभेआधी नथ्थूजी मला म्हणाले होते, “बाई, आमच्या पार्टीत झीलकरी गेला की एक ओळ त्याच्यासाठी रिकामी सोडतात. शाहिरानं गायचं अन् गप उभं राहायचं. ते केल्याबिगर मले घरी जाता येत नाही.”

मी “बरं” म्हणाले. आणि मला माझी जुनी टेप आठवली.

मी रेडिओत नवी असताना ही जोडी रेकॉर्डिंगला आली होती. हेडफोन असा घालायची, जणू राज्याभिषेक झालाय. ‘सेपरेशन’ हा शब्द नुकताच शिकले होते, म्हणजे दोन आवाज एकमेकांत न मिसळता वेगळे टिपायचे. मग काय, बाईसाहेबांनी दौलतभाऊंना काचेपलीकडच्या खोलीत बंद केलं आणि वर पडदा ओढला. ते आतून म्हणाले, “पोरी, मले काचेत बसवलं, आता नारळ फोड अन् आरती कर.” झीलकऱ्याचं लक्ष शाहिराच्या पाठीकडे असतं. श्वास भरला की पाठ फुगते, तीच त्याची वेळ. पडद्यातून पाठ कुठली दिसणार? प्रत्येक झील मागे पडली. “तू गंमत रेकॉर्ड करून राहिली की भांडण?” असं ओरडून आमच्या स्टेशनच्या साहेबांनी सगळं रद्द केलं.

पण माझ्यातल्या त्या विदुषीच्या कृपेने दौलतभाऊंची एकट्याची झील टेपवर राहिली. ती मी केव्हाच लॅपटॉपवर उतरवून घेतली होती, आणि लॅपटॉप मिक्सरला जोडलेलाच होता.

भाषणं झाली, मौन झालं. मग नथ्थूजी उठले, खुर्ची बाजूला सारली आणि बोललेच नाहीत. थेट ओळ टाकली, माझ्या टेपवरचीच, “मागावरल्या पदराले चांदणं विणलं…”

प्रशांतने गळ्यावरून हात फिरवून इशारा केला. मी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

माझं डेस्क स्टेजच्या कडेला, नथ्थूजींच्या मागच्या अंगाला होतं. चष्मा लावून मी त्यांची पाठ बघत राहिले. पाठ फुगली. मी लॅपटॉपचं बटण दाबलं, फेडर वर नेला.

“विणलं गा, जी जी!”

सगळा हॉल दचकला. नथ्थूजींनी मागे वळून पाहिलं नाही. माइकमध्ये म्हणाले, “उशिरा आला बे, दौलत!”

लोक हसले. काहींनी डोळ्याला रुमाल लावला. माझाच हात अर्धा श्वास मागे पडला होता.

प्रशांत धावत आला. “आजी, काय करून राहिल्या तुम्ही? पाहुणे पाहून राहिले!”

“पाहू दे. ऐकतील पण.”

त्याने मेन प्लगच उपटला. मिक्सर विझला, स्पीकर मेले. नथ्थूजींना फिकीर नव्हती. माइक सोडून ते स्टेजच्या टोकाशी आले, तीच ओळ पुन्हा टाकली आणि थांबले. ही रिकामी सोडायची ओळ होती.

ती रिकामी राहिलीच नाही. शेवटच्या रांगेत उमरेडचे विणकर बसले होते. ते उभे राहिले आणि त्यांनी झील दिली, छताला लागेल अशी. मग पुढची रांग उठली, मग तिच्या पुढची. सगळे उठले म्हणून सोफ्यावरचे पाहुणेही उठले, हात शिवणीला लावून. त्यांना बहुतेक राष्ट्रगीत वाटलं.

नथ्थूजींनी हात जोडले. “आता घरी जातो,” म्हणाले, आणि स्टेजवरून उतरले.

प्रशांतने आम्हाला पुन्हा बोलावलं नाही. मुलगा कुरकुरला. त्याला मी एवढंच सांगितलं: डेस्क नेहमी शाहिराची पाठ दिसेल तिथे मांडायचं, आणि प्लग आयोजकाचा हात पोचणार नाही तिथे.