उरेब कापलेलं काचेचं कापड

अकोल्यात घरामागच्या शेडमध्ये आम्ही नवराबायको किटमधून छोटं विमान बांधतो आहोत. पंखाची पुढची गोलसर कड फोमची होती आणि तिच्यावर काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनने चिकटवायचं होतं. यांनी ते सरळ कापून लावलं. वळणावर ते सारखं उचललं जाई आणि खाली हवेचे फुगे राहत. रोलर फिरवून हे थकले. रेझिन घट्ट व्हायच्या आत मी ते ओढून काढलं आणि नवा तुकडा तिरपा कापायला घेतला.

"तिरपं काहून कापून राहिली? वाया जाईन ना कापड," हे म्हणाले.

"ब्लाउजच्या गळ्याची पट्टी उरेबच कापतेत," मी म्हटलं. "तवाच ते वळते. तुमी ब्रश धरा."

मला खात्री होती. कापड कडेवर अंगासरशी बसलं. दुसऱ्या दिवशी रेझिन कडक झाल्यावर यांनी नाण्याने कड ठोकत नेली. कुठेच पोकळ आवाज आला नाही.

"दुसऱ्या पंखाचं कापडही तूच काप," हे म्हणाले, आणि मी कात्रीला धार लावायला बसले.