दादांचं छत, माझी फरशी

माझ्या मोठ्या दिरांइतका घाबरणारा माणूस अख्ख्या जुन्या नाशकात दुसरा नसेल. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर आयुष्य काढून दादा निवृत्त झाले, पण त्यांची भीती काही निवृत्त झाली नाही. फिरत्या पंख्याखाली बसायचं नाही, जिन्याची प्रत्येक पायरी काठीने ठोकूनच चढायची, वर आले की गॅसची नळी हुंगायची. त्यात माझं स्वयंपाकघर लाकडी माडीवर आणि बरोबर त्याखाली दादांची खाट. वरच्या फळ्या करकरल्या की मी कुठे उभी आहे ते त्यांना खाली कळायचं. "अगं, ओट्यापाशी दोघी नका उभ्या राहू!" अशी हाक यायची. माझ्याबरोबरची दुसरी म्हणजे मोलकरीण, तीही बिचकायची.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी त्या फळ्यांवर सिरॅमिक टाइल्स बसवायला काढल्या. फटींतून पीठ सांडून सांडून मी वैतागले होते. दिंडोरीकडचा मिस्त्री स्लॅबवर टाकतात तसा वाळू-सिमेंटचा जाड थर टाकायला निघाला, तेवढ्यात दादा काठोकाठ भरलेला पेला घेऊन वर आले. तो जमिनीच्या मधोमध ठेवून मला म्हणाले, "चाल." मी चार पावलं चालले. पाणी सांडलं. याच फळ्यांवरून मी वीस वर्षं भरले हंडे नेत होते.

"फळी वाकते, टाइल वाकत नाही. ती तडकणार. आणि हे सगळं ओझं माझ्या छातीवर येणार."

"दादा, लय भ्याता तुम्ही. काय होत नाय," मिस्त्री म्हणाला.

"मग खाली माझ्या खाटेवर पड जरा."

मिस्त्री हसत जाऊन पडला. वर मी नेहमीसारखी खलबत्त्यात चटणी कुटली. तो परत आला तेव्हा मिशीवर फटींतून गळलेली माती होती आणि हसू नव्हतं. मग त्याने खालून जादा तुळया दिल्या, फळ्यांवर जाड प्लायवूड स्क्रूने आवळलं, दादांच्या पेल्यातलं पाणी स्थिर राहिलं, आणि मगच टाइल चिकटल्या.

पहिल्याच सकाळी दादा धापा टाकत वर आले. "काही आवाजच नाही. मला वाटलं, तुला काही झालं."

"चहा टाकतेय. मला काय होतंय!"

दादा काठी टेकत तिथेच वरच्या पायरीवर बसले. दुसऱ्या दिवसापासून मी उठले की लाटण्याने टाइलवर दोनदा ठोकायचे, खालून काठी छताला दोनदा वाजायची.

दादा जाऊन काही वर्षं झाली. टाइल एकही तडकलेली नाही. मी अजून ठोकते. सुटलेली टाइल पोकळ वाजते, तपासलेली बरी. ती भरीवच वाजते. मी जरा थांबते, मग चहा टाकते.