खिडकीत वाळत ठेवलेलं रक्त

वीटभट्टीवरच्या मजुरांचं रक्त मी मुंग्यांना खाऊ घातलं.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतरच्या एका उन्हाळ्यातली गोष्ट. मी अड्याळकडे आरोग्य सेवक होतो. गडचिरोलीच्या जंगलातून भट्टीवर माणसं आली, की मलेरियासाठी त्यांचं रक्त घ्यायचं. बोट टोचायचं, थेंब काचेवर पसरायचा, काच वाळवून प्रयोगशाळेत द्यायची. यात चुकण्यासारखं काही नाही, असं मी नव्या सेवकांना शिकवतही असे.

त्या शुक्रवारी बावीस काचा झाल्या. शेवटची एका पोटुश्या बाईची. तिला दिवसाआड हुडहुडी भरायची. सासूनंच तिचा हात धरून माझ्यापुढे केला.

"हिचं आधी पाहा, बापू. सातवा चालू आहे."

"उद्या सांगतो," मी तोऱ्यात म्हणालो आणि तापाच्या गोळ्या देऊन निघालो.

केंद्रात काचा खिडकीत मांडल्या. शेजारीच डबा उघडला, गूळ-पोळी खाल्ली आणि बाकावर जरा पाठ टेकली. जाग आली तेव्हा खिडकीत काळी रांग लागलेली. चौदा काचा धुतल्यासारख्या कोऱ्या. तिचीही.

मुंग्या रक्त चाटतात, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं म्हणे. तेव्हाही मी झोपलेलाच असणार.

साहेबांना सांगायची छाती नव्हती. शनिवारी साहेबांची फेरी, रविवारी सुटी; सोमवारी गुपचूप जाऊन पुन्हा टोचू, असं ठरवलं. दोन दिवसांत काय बिघडतं?

सोमवारी भट्टीवर तिची झोपडी रिकामी होती. रविवारी बेशुद्ध झाली, तेव्हा ट्रॅक्टरमध्ये टाकून तिला भंडाऱ्याला नेलं होतं. मी मागोमाग गेलो. मलेरिया मेंदूत चढला होता. बाई वाचेल असं डॉक्टर म्हणाले. पोटातल्या लेकराबद्दल काही बोलले नाहीत.

सासू वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून बसली होती. सुनेच्या बांगड्या तिच्या ओटीत होत्या.

"बापू, तू रक्त नेलं होतं ना? त्यात का निंगालं?"

काच फुटली, असं सांगायचं मी येताना बसमध्येच ठरवलं होतं. पण ती बांगड्या एकेक करून पुसत होती.

"मुंग्यांनी खाल्लं, मावशी," मी म्हणालो. झोपेचं तेवढं गिळलं.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मुंग्या त आपलं काम करून गेल्या. तू का करून रायला होता?"