इथे दिसतात, तिथे नाही

तेव्हा रत्नागिरीत माझं कॉम्प्युटरचं छोटं दुकान होतं. टायपिंग, छपाई आणि कुणी म्हणालंच तर वेबसाइट. एकदा मालगुंडहून एक चाचा आले. उमेदीची वर्षं त्यांनी बोटीवर काढलेली. मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं आणि कुवेतमधल्या मुलाला रजा मिळाली नव्हती. पाहुण्याच्या डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो त्याला मेलने पाठवले की त्याचा मेलबॉक्स भरून जायचा. म्हणून मी फोटोंचं एक पान बनवून इंटरनेटवर चढवलं.

मुलाचा दुकानात फोन आला. फोटोंच्या जागी नुसत्या फुल्या दिसत होत्या. माझ्या कॉम्प्युटरमधलं पान उघडलं की त्यात मात्र सगळे फोटो जागच्या जागी. मी फाइली पुन्हा चढवल्या, तरी फुल्याच. चाचा एसटीने येऊन बाकावर बसायचे आणि तेच विचारायचे, इथे दिसतं ते तिथे का दिसू नये. बापलेकांची फोनवर कुरबुर व्हायला लागली.

शेवटी मी पुण्याला, ज्यांच्या सर्व्हरवर ते पान ठेवलं होतं त्यांना फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "फोटोंच्या नावातली इंग्रजी अक्षरं बघा. तुमच्या विंडोजला लहान-मोठं एकच. आमच्याकडे ती दोन वेगळी नावं."

कॅमेरा सगळी नावं मोठ्या अक्षरांत देत होता आणि मी पानात लहान लिहिली होती. स्क्रीनवर दिसत होती तशी लिहिली, तरी फुल्या गेल्या नाहीत. कारण विंडोज ती नावं दाखवतानाच पहिलं अक्षर मोठं आणि बाकीची लहान करून दाखवायचं. शेवटी फोटोंचीच नावं लहान अक्षरांत करायला घेतली, तर नुसतं अक्षर लहान केलं की विंडोजला तो बदलच वाटायचा नाही. मग प्रत्येक फोटोला आधी भलतंच नाव द्यायचं, नंतर हवं ते. वीज जायची, फोनलाइन तुटायची, की राहिलेलं पुन्हा सुरू. माझी मान भरून आली होती. लग्न कुणाचं, हेही मी विसरून गेले होते.

सगळं चढल्यावर मुलाचा फोन आला. फोटो दिसले का, मी विचारलं. त्याने उलट मलाच विचारलं,

"ताई, अम्मी इतकी कधी वाळली?"

मी बाकावर बसलेल्या चाचांकडे पाहिलं आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. घरी सगळं ठीक आहे, असंच ते त्याला सांगत आले होते. आता त्यांनी हळू आवाजात सांगितलं की पोटाचं ऑपरेशन झालं, लग्न तोंडावर होतं म्हणून कळवलं नाही. रिसीव्हर ठेवून मला म्हणाले, "बाय, रजा नाही दिली तर नोकरी सोडतो म्हणाला."

नोकरी सोडावी लागली नाही. पावसाआधी तो आला, आईला कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. ती सावरली, हे चाचांनीच येऊन सांगितलं. तेव्हा मी दुसऱ्या कुणाच्या तरी फाइलींची नावं बदलत बसले होते. त्यांना चहा हवा का, हे विचारायचंही मला सुचलं नाही.