सप्त्याच्या आदल्या दिवशी

तापीनं काठावरची घरं नेली तेव्हा आम्ही बुधवाऱ्यातल्या मंदिराचं सभागृह बायकांसाठी उघडलं. बाकीच्यांची सोय मदरशात झाली आणि दोन्ही वेळचं जेवण गुरुद्वाऱ्यातून येऊ लागलं. सरकारी नर्स आमच्याच सभागृहात बसायची. मंदिराचा सचिव मी, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर.

पाचव्या दिवशी माझं लक्ष एका बाईकडे गेलं. तिचे दिवस भरले होते. दुसऱ्या दिवशी भागवत सप्ता बसणार होता. मंदिराच्या आवारात बाळंतपण झालं तर विटाळ होईल आणि लोक मलाच धरतील, एवढंच डोक्यात होतं. तिला हलवा, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या सासूला म्हणालो, "मावशी, मदरशापासून दवाखाना जवळ पडेल."

ते खोटं होतं.

"पोट उतरलंय तिचं, मास्तर. आज नका हालवू."

"रिक्षा आलीय," मी म्हणालो. नर्स जेवायला गेली होती. तिची वाट मी पाहिली नाही.

कळा रिक्षातच सुरू झाल्या. मदरशाच्या वर्गात शेजारच्या बायकांनी ओढण्या बांधून आडोसा केला. नाळ गळ्याभोवती होती. नर्सला तिथं नेईपर्यंत जन्मलेली मुलगी निळी पडून गेली. गुरुद्वाऱ्याच्या सरदारजींनी पांढरं कापड आणलं. मदरशाच्या चाचांनी बापाबरोबर खड्डा खणला. माती टाकून झाल्यावर चाचा मला हळूच म्हणाले, "मास्तर, नर्स तो आपके यहाँ थी ना?"

मी चपला शोधू लागलो.

सप्ता चांगला झाला. तो उठल्यावर मी मदरशात गेलो. सून भिंतीकडे तोंड करून निजली होती, दूध आटावं म्हणून छातीला फडकं घट्ट बांधलेलं. सासू तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. विटाळाची भीती, खोटं, नर्स.

"ठाऊक होतं," ती खडा बाजूला टाकत म्हणाली. "दवाखाना कुठं आहे ते आम्हाले ठाऊक नाही का? इथंच जलम गेला."

"मग अडून का नाही बसलात, मावशी?"

"अडलो असतो तर तुम्ही सगळ्यांनाच बाहेर काढलं असतं. आत आणखी नऊ बाया होत्या, मास्तर."

मी तसं केलं नसतं, असं म्हणायला तोंड उघडलं. पण माझी मलाच खात्री वाटेना.