बारावा खांब

रत्नदीप सरांनी दहावीत माझा अर्धा मार्क कापला होता, ते मी अजून विसरलेलो नाही. रेषेचा चढ मी बरोबर काढला होता. पण सरांचा हट्टच असा, की नुसता आकडा चालणार नाही, त्याचा अर्थ वाक्यात लिहा. कशामागे काय, आणि किती वाढलं की घटलं. सेलूच्या शाळेतली आम्ही सगळीच पोरं या खोडीला वैतागलो होतो.

आता पिपरी मेघेत मी त्यांच्याच गल्लीत राहतो. त्यांचे वडील रामाजी हिंगणघाटला जिनिंगमध्ये तीस वर्षं राबले, आणि कापसाच्या धुळीनं त्यांची छाती खाल्ली. तरी रोज पहाटे ते विहारापर्यंत पायी जायचे. वाटेत विजेचे बावीस खांब, विहार शेवटच्या खांबापाशी. डिसेंबरात ते तिथवर पोचत होते. जानेवारीत विसाव्या खांबाला हात टेकून परत फिरू लागले, फेब्रुवारीत अठराव्या, मार्चमध्ये सोळाव्या. औषधानं धाप कमी होईल, गेलेली फुप्फुसं परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

रामाजींचा ध्यास एकच, मे महिन्यातल्या बुद्ध पौर्णिमेला विहारात आपल्या पायांनी जायचं. स्कूटरचं नाव काढलं तरी चिडायचे.

सरांनी आलेखाच्या वहीत ठिपके मांडले. ते सरळ रेषेत बसले. खाली एवढंच लिहिलं होतं, 'चढ वजा दोन'. मी गमतीनं म्हटलं, "सर, वाक्य राहिलं." त्यांनी वही मिटली. मला माझीच लाज वाटली.

मग त्यांनी काय नाही केलं? वाफ, श्वासाचे व्यायाम, नागपूरचा दुसरा डॉक्टर. एप्रिलचा ठिपका चौदावरच पडला. त्या दिवशी या गणिताच्या मास्तरानं चौदाव्या खांबाशी मोठ्यानं "सोळा" म्हटलं. रामाजी हसले. "काऊन रे, तुले मोजता येत नाई का आता?" त्यांना वहीचं सगळं ठाऊक होतं.

पौर्णिमेच्या पहाटे पांढरे कपडे घालून रामाजी निघाले. सर बाजूला, मी मागे. सरांना जन्मात पहिल्यांदाच आपलं उत्तर चुकायला हवं होतं. मलाही.

बाराव्या खांबाला रामाजींनी हात टेकला आणि श्वास काही केल्या पुरेना. विहारातली वंदना तिथवर ऐकू येत होती. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आम्हाला ओलांडून पुढे जात होती. सरांनी पाण्याची बाटली पुढे केली. रामाजींनी ती घेतली नाही.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "तुया वहीत किती आलते?"

"बारा, बाबा."

"मंग रडून काऊन राह्यला लेका? हिसाब तं बराबर आला."

विहार अजून दहा खांब दूर होता.